हर्णैच्या मासळीचा पहिला घास

मार्गशीर्षातले गुरुवार उरकले आणि नाताळची सुट्टी तोंडावर आली, की माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीला एक वेगळाच प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, दापोलीला निघालोय. बाळाला मासे दिले तर चालतील ना?" कोणी मालवणला निघालेले असते, कोणी मुरूडला, कोणी श्रीवर्धनला. प्रश्न मात्र तोच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी उत्सुकता आणि बरीचशी धास्ती असते.

या वर्षी हा प्रश्न घेऊन एक पंचवीस वर्षांची आई आली, आणि तिच्यामुळे मला जुनी एक गोष्ट आठवली. ती सांगितल्यावाचून मला या विषयावर लिहिण्याचा अधिकार नाही, असे वाटते.

ही मुलगी स्वतः माझी बालरुग्ण. तिचे आजोळ हर्णैचे. २००१ साली ती वर्षाची होती, तेव्हा तिची आजी तिला भेटायला पुण्यात आली होती. आजी नातीला घेऊन दवाखान्यात आली आणि सहज म्हणाली, "हिला आता मासळी लावते. आमच्याकडं पोर उष्टावलं की कालवणाचं बोट चाटवतात." मी तेव्हा तरुण होतो, नवे वाचलेले सांगण्याची हौस दांडगी होती. मी त्यांना थांबवले. "तीन वर्षांपर्यंत मासा नको. ॲलर्जी होते. आता शास्त्र असे सांगते." आजी काही बोलल्या नाहीत. मुलीच्या आईने पुढे मला सांगितले, की त्यांनी आणलेले बांगडे त्या दिवशी शेजारी वाटून टाकले.

आता ती नात आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन समोर बसली होती. पणजी हर्णैला आहे, ऐंशी पार केली आहे आणि पणतूला पहिला मासा आपल्या हाताने भरवायचा तिचा आग्रह आहे. "पण डॉक्टर, तुम्हीच तेव्हा नको म्हणाला होतात ना?"

वाचकहो, होय. मीच नको म्हणालो होतो, आणि ते चुकीचे होते.

तीन वर्षांचा नियम कोठून आला?

२००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक शिफारस केली होती. ज्या बाळांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना ॲलर्जीचा त्रास आहे, त्यांना अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, अशी ती होती. शिफारस ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांपुरती होती. आम्ही अनेक डॉक्टरांनी ती सरसकट सगळ्यांना लागू केली. 'उशिरा दिले म्हणजे सुरक्षित' हे ऐकायला पटणारे होते आणि सांगायला सोपे.

पुढे अनुभव उलटा आला. २००८ मध्ये त्याच संघटनेने आपली भूमिका बदलली. सहा महिन्यांच्या आसपास वरचे अन्न सुरू झाल्यावर असे पदार्थ लांबणीवर टाकल्याने ॲलर्जी टळते याला पुरेसा आधार नाही, असे तिने स्पष्ट केले. २००९ मध्ये स्वीडनमधील एका अभ्यासात नऊ महिन्यांच्या आत मासा खाऊ लागलेल्या बाळांमध्ये इसबाचे प्रमाण कमी आढळले. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर केलेला शेंगदाण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना लवकर शेंगदाणा मिळाला, त्यांच्यात त्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. अन्नाशी शरीराची ओळख वेळेवर व्हावी लागते, हा त्याचा मथितार्थ.

हर्णैच्या आजींना हे कोणत्याही नियतकालिकात वाचावे लागले नव्हते. परंपरेने सांगितलेले सगळेच बरोबर असते, असा याचा अर्थ नाही. त्याची उदाहरणे याच लेखात पुढे येतील. पण या एका बाबतीत त्या बरोबर होत्या आणि मी चूक.

माशात असते काय?

बोंबिलासारखे पाणीदार मासे सोडले, तर १०० ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम उत्तम प्रतीची, पचायला हलकी प्रथिने असतात. शिवाय आयोडिन, सेलेनियम, थोडेफार ड जीवनसत्त्व आणि ब-१२ जीवनसत्त्व. या शेवटच्या घटकाचे महत्त्व पुणेकरांना निराळे सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले होते.

माशातील डीएचए नावाचा स्निग्ध घटक मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्याच्या घडणीत लागतो. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, म्हणून त्या वयात तो विशेष मोलाचा. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. महाग मासा तो पौष्टिक मासा, असे आपण धरून चालतो आणि लेकरासाठी पापलेटच शोधतो. पापलेट चविष्ट आहे, त्याला काटे कमी आहेत, हे खरे. पण डीएचएच्या बाबतीत स्वस्तातला बांगडा आणि तारली त्याच्यापेक्षा सरस आहेत.

ज्या घरात मासे शिजत नाहीत, त्या घरांनी आपला आहार बदलावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. हा लेख खाणाऱ्यांसाठी आहे. ते खातात, पण लेकराच्या ताटात वाढताना घाबरतात.

केव्हा, कोणता आणि कसा

सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध. त्यानंतर वरण, भात, भाज्या, फळे अंगी लागली, की मासा देता येतो. सुरुवात पांढऱ्या मांसाच्या, सौम्य माशाने करावी. कोकणात लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना मुडदुशी देतात, ती याच कारणाने. ती मऊ असते आणि तिचा मधला काटा अख्खा निघतो. पापलेटही उत्तम.

मत्स्याहारासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानचा क्रमही असाच आहे. तेथील आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत बाळाला आधी पांढऱ्या मांसाचा मासा, मग लाल मांसाचा आणि त्यानंतर बांगड्यासारखा निळसर पाठीचा मासा द्यावा, असे सुचवले आहे. हर्णैची आजी आणि जपानी मंत्रालय यांचे एकमत पाहून मला गंमत वाटली.

मासा वाफवावा किंवा पाण्यात शिजवावा. काचेसारखे अर्धपारदर्शक दिसणारे मांस पूर्ण पांढरे झाले आणि त्याच्या पाकळ्या सहज सुटू लागल्या, की तो शिजला. तो बोटांनी चाचपून, कुस्करून मऊ भातात मिसळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ नको, तिखट तर नकोच. कोकणातल्या घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवले, तर मसाला लावण्यापूर्वी एक तुकडा बाजूला काढून नुसता शिजवून देतात. सांगायला संकोच करू नका.

प्रमाणही थोडेच लागते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम, चार ते सात वर्षांच्या मुलाला सुमारे ६० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, एवढे पुरेसे आहे. सुट्टीचे चार दिवस दोन्ही वेळा भरपेट आणि नंतर वर्षभर काहीच नाही, यापेक्षा हे केव्हाही बरे.

सुके मासे, म्हणजे जवळा, सुकट, खारवलेला बांगडा, यांत मीठ फार असते. वर्षाच्या आत ते टाळावेत. मोठ्या मुलांनाही भिजवून, धुऊन, बेताने द्यावेत.

हर्णैच्या वाळूत उभे राहून

ताजा मासा म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचे असेल तर हर्णैचा मासळीचा लिलाव जरूर पाहा. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याकडे वळलेल्या होड्या, पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या, वाळूत मांडलेल्या पाट्या आणि त्यांच्यामागे बसलेल्या, एका दमात भाव सांगणाऱ्या कोळणी. मूल घाबरत नसेल तर त्याला हात लावू द्या, आणि नंतर साबणाने हात धुवा. जो मासा मूल आधी डोळ्यांनी पाहते, तो ताटात आल्यावर ते तोंड फिरवत नाही.

विकत घेताना पाच गोष्टी पाहाव्या. डोळा फुगीर आणि चकचकीत असावा, खोल गेलेला, पांढुरका नको. कल्ला उचलल्यावर आतला रंग लाल असावा, तपकिरी नको. बोटाने दाबल्यास मांस पुन्हा वर यावे. पोट फुटलेले नसावे. वास समुद्राचा असावा, नाकात झोंबणारा नको. कोळणीला विचारले, तर बहुतेकदा ती स्वतःच सांगते, "हा नको पोराला, तो घ्या."

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तेव्हा पावसाळी सहलीत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फात ठेवलेली किंवा दुरून आलेली असते. ती वाईटच असते असे नाही, पण 'समुद्राकाठी आहोत म्हणजे ताजी' हे अनुमान त्या दोन महिन्यांत फसते.

ताजेपणा तासांवर मोजावा

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब सकाळी माझ्याकडे आले. आई, वडील, पाच वर्षांची मुलगी आणि काका. आदल्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरून बांगडे घेतले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोटारीच्या डिकीत ठेवले, वाटेत दोन ठिकाणी थांबले आणि रात्री पुण्यात तळून खाल्ले. अर्ध्या तासात चौघांचे चेहरे लाल झाले, डोके दुखू लागले, अंगावर गांधी उठल्या, मुलीला उलट्या आणि जुलाब झाले. रात्रीतून सारे ओसरले होते. आई म्हणाली, "आम्हा सगळ्यांना माशाची ॲलर्जी झाली. आता बांगडा कायमचा बंद."

ही ॲलर्जी नव्हती. बांगडा, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उबदार हवेत काही तास पडून राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणारे द्रव्य तेच. ते तळल्याने जात नाही, उकळल्याने जात नाही, नंतर फ्रीजमध्ये ठेवल्यानेही जात नाही. मासा दिसायला चांगला असू शकतो, चवीला किंचित चरचरीत लागतो, इतकेच. ओळखायची खूण अशी: ॲलर्जी सहसा पंगतीतल्या एकाला होते, या विषबाधेत तो मासा खाणारे बरेचजण एकदम आजारी पडतात. ती बहुधा एका दिवसात बरी होते, तरीही डॉक्टरांना दाखवावे, विशेषतः मूल लहान असेल किंवा कोणाला दमा असेल तर.

त्या मुलीला आयुष्यभरासाठी 'माशाची ॲलर्जी' असा शिक्का बसणार होता. तो टळला. आता ती बांगडा खाते, पण तिचे वडील मोटारीत बर्फाची पेटी ठेवतात.

हर्णैहून पुण्याला ताम्हिणीमार्गे यायला पाच-सहा तास सहज लागतात. मासे न्यायचेच असतील, तर तेथेच साफ करून घ्यावेत, जितके मासे तितकाच बर्फ, मासळीच्या खाली, वर आणि मध्ये, आणि सगळे बंद पेटीत. घरी पोहोचताच फ्रीजमध्ये. एवढी व्यवस्था नसेल, तर तिथेच पोटभर खाऊन रिकाम्या हाताने परतावे. पुण्यात गणेश पेठेच्या बाजारात बर्फातून आलेला मासा हा डिकीत तापलेल्या 'ताज्या' माशापेक्षा शतपटीने चांगला.

शिंपले आणि कच्चा मासा

तिसऱ्या, कालवे, शिंपल्या हे जीव पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. पाण्यात सांडपाणी असेल, तर त्यातले काविळीचे विषाणू आणि इतर जंतूही त्यांच्यात साठतात. म्हणून ते नीट उकळलेलेच हवेत. शिजल्यावर ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत, त्या टाकून द्याव्या. कोळंबीचा पाठीतला काळा दोरा काढून तिचे बारीक तुकडे करावेत. माकूल चिवट असते. चार वर्षांच्या आतील मुलाच्या घशात ते अडकू शकते, म्हणून टाळावे.

हल्ली पुण्यातही सुशी मिळते आणि आई-वडिलांच्या ताटातला तुकडा मुलाच्या तोंडात जातो. जपानमध्ये कच्च्या माशातील ॲनिसाकिस नावाच्या कृमीसाठी मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवण्याची सूचना आहे, आणि इतकी शिस्त असूनही तेथील अनेक घरांत तान्ह्या मुलांना कच्चा मासा देत नाहीत. आपण तर शिजवून खाणारे लोक. पाच वर्षांच्या आत कच्चा किंवा अर्धकच्चा मासा नको, हे माझे स्पष्ट मत.

मोरीचा प्रश्न

परंपरेने सांगितलेले सगळेच बरोबर नसते, असे मी वर म्हटले. मोरी, म्हणजे लहान-मोठा शार्क, कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात. तिला काटे नसतात, केवळ कूर्चा असते, म्हणून मुलांनाही आवर्जून भरवतात. हेतू चांगला, पण समुद्रातील पारा लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना साठत जातो. जो मासा इतर मासे खाऊन दीर्घकाळ जगतो, त्याच्या अंगात तो सर्वाधिक. विकसित होणाऱ्या मेंदूला पारा घातक आहे. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांना शार्क टाळण्यास सांगितले आहे. त्याच यादीत तिकडचा 'किंग मॅकरल'ही आहे, आणि तो आपल्या सुरमईच्या गणातलाच.

याचा अर्थ सुरमई वर्ज्य असा नव्हे. मोठ्या सुरमईचा काप मुलाला कधीतरी चालेल. आठवड्यातून तीन-चारदा तोच नको. मोरी मात्र बाळाला आणि बाळंतिणीला टाळावी. बांगडा, तारली, मुडदुशी, बोंबील, कोळंबी हे लहान आयुष्याचे जीव. त्यांत पारा कमी असतो. येथेही स्वस्त मासळीच अधिक हिताची ठरते.

काटा अडकला तर

तारली, मांदेली, पाला यांत बारीक काटे फार. पाच वर्षांच्या आत हे मासे द्यायचे असतील, तर एकेक घास स्वतःच्या बोटांनी चाचपावा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. मूल धावत असताना, हसत असताना, मोटारीत असताना मासा भरवू नये. बाळाला भरवताना भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा.

काटा टोचतोय असे मूल सांगू लागले, की आपल्याकडे लगेच कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देतात. असे करू नका. वरवर रुतलेला काटा त्याने आत ढकलला जातो. बहुतेक काटे टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी असतात आणि डॉक्टर ते चिमट्याने मिनिटभरात काढतात. स्वतः बोट घालून शोधू नये. लाळ गळत असेल, पाणीही गिळवत नसेल, रक्त येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

श्वासनलिकेत घास अडकणे हा प्रकार निराळा आणि जिवावरचा. मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाज निघत नाही, खोकला येत नाही, ओठ काळेनिळे पडताहेत, तर वेळ दवडू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. वर्षावरील मुलाला पाच थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत-वर दिशेने पाच झटके. वस्तू बाहेर येईपर्यंत आळीपाळीने हेच. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. मूल बेशुद्ध झाले तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. हे वाचून येत नाही. आपल्या डॉक्टरांकडून एकदा बाहुलीवर करून शिकून घ्या.

खरी ॲलर्जी

ती खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. तोंडाभोवती पुरळ, गांधी, ओठ-पापण्या सुजणे, उलटी. एवढेच असेल, तर मासा थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पण धाप, शिटीसारखा श्वास, घोगरा आवाज, अंग गार आणि मूल मलूल, यांपैकी काहीही दिसले तर ती तातडीची अवस्था आहे. तेव्हा खरे औषध ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. घरातल्या ॲलर्जीच्या सिरपवर विसंबून वाट पाहू नये. आणखी एक, माशाची ॲलर्जी आणि कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी असतेच, असे नाही. तपासणीशिवाय मुलाचा सगळा समुद्र बंद करू नये.

आणि दूध? माशावर दूध घेतले तर कोड फुटते, ही भीती घराघरांत आहे. चरकसंहितेत दूध आणि मासे यांचा विरुद्ध आहार म्हणून उल्लेख आहे. ज्यांना तो पाळायचा, त्यांनी अवश्य पाळावा. पण कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर उलटण्याचा विकार आहे आणि तो मासे-दुधाने होतो याला आधार नाही. मासा खाल्लेले बाळ तासाभराने आईच्या अंगावर प्यायले, तर घाबरून जाऊ नका.

निघण्यापूर्वी

• मुलाने पूर्वी कधी मासा खाल्ला नसेल, तर पहिला घास सहलीच्या आठवडाभर आधी, घरी, सकाळच्या वेळी, चमचाभरच द्यावा. दिवसभर मूल डोळ्यांसमोर राहते आणि डॉक्टर जवळ असतात.
• बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंडे, शेंगदाणा यांची ॲलर्जी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे.
• मूल आजारी असताना नवा पदार्थ सुरू करू नये.
• जवळचे रुग्णालय आधी माहीत करून घ्यावे. हर्णैला असाल, तर दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय.
• क्षार-संजीवनीची पाकिटे आणि मुलाची नेहमीची औषधे जवळ ठेवावीत.

आता पुन्हा त्या मुलीकडे. वरच्या यादीतला पहिला नियम मी तिला सांगितला. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पण डॉक्टर, आजीला पहिला घास तिच्या हातचा हवाय. मागच्या वेळी माझा हुकला तो हुकलाच."

मी बाळाचे कागद पुन्हा पाहिले. इसब नाही, दमा नाही. अंडे आणि शेंगदाण्याचे कूट त्याने कधीच पचवले होते. घरात कोणाला माशाची ॲलर्जी नाही. हर्णैपासून दापोलीचे रुग्णालय अर्ध्या-पाऊण तासावर. नियम धोका कमी करण्यासाठी असतो, आणि या बाळाचा धोका मुळातच थोडा होता. मी म्हटले, "आजींनाच भरवू दे. फक्त सकाळी, मुडदुशी, मिठाशिवाय, पहिल्या दिवशी एक चमचा. आणि त्यांना सांग, की तेव्हा मी चुकलो होतो."

गेल्या रविवारी तिचा फोन आला. बाळाने चमचाभर खाऊन पुन्हा तोंड उघडले. पुरळ नाही, उलटी नाही. पणजीने मीठ न घालण्याबद्दल थोडी कुरकुर केली, पण ऐकले. "आणि माझा निरोप सांगितलास का?" मी विचारले.

"सांगितला. आजी म्हणाली, डॉक्टरला सांग, उशीर झाला, पण चालेल. पुढच्या वेळी त्यालाच जेवायला घेऊन ये."

मी जाणार आहे. बर्फाची पेटी घेऊन.